जुन्या लाकडातली नवी काच

आमच्या शेडमध्ये संध्याकाळी भुसा झाडून काढला तरी सकाळी पायाखाली असतोच. किस्स्यांचंही तसंच. आज एका गिऱ्हाइकाला हात जोडून घरी यावं, तर उद्याचं त्याच्या वरताण. चहाच्या टपरीवर कुणी ना कुणी विचारतंच, "रफिकशेठ, काय नवीन?" बस म्हणतो, ऐक, पण मधे बोलू नकोस, माझं डोकं आधीच तापलंय.

आधी धंदा सांगतो. बारामतीत आमचं जुन्या लाकडाचं दुकान, आजोबांपासूनचं. पाडलेल्या घरांच्या तुळया, खांब, चौकटी आणायच्या आणि विकायच्या. आता त्याच लाकडाच्या फ्रेम करून आम्ही त्यात काच बसवतो, घरात नाहीतर ऑफिसात पार्टिशन म्हणून. नवीन झाड तोडायला नको आणि खोलीत अंधारही नको. पुण्याच्या एका आर्किटेक्ट मॅडमना ही कल्पना फार आवडली. लोणी देवकरला एका कारखान्याचं ऑफिस त्या सजवतायत, सगळी पार्टिशनं आमच्याकडून घ्यायला तयार. अट एकच. "बसवलेलं एक तरी दाखवा. लाकूड जुनं दिसलं पाहिजे आणि काचेतून आरपार दिसलं पाहिजे."

इकडं थोरल्या भावानं निक्षून सांगितलेलं, हे काम आलं नाही तर शेड मोबाईलच्या शोरूमला भाड्यानं द्यायची. म्हणजे मी घरी आणि आमचे आबा सुतारही घरी. पासष्टीचे आबा दिवसभर घरात बसले तर त्यांच्या सुनेचं काय होईल, ते वेगळंच. तर मला दाखवण्यासारखं एक पार्टिशन हवं होतं. फक्त एक.

*

पहिलं इंदापूरच्या डॉक्टरांचं. कापसाच्या जिनिंगच्या जुन्या शेडचं सागवान, खिळ्यांच्या भोकांसकट. डॉक्टरांना ती भोकंच आवडलेली. आबांना मी दहा वेळा बजावलं, भोकं बुजवायची नाहीत. मी दोन दिवस लग्नाला गेलो. येऊन बघतो तर आबांनी एकेक भोक लाकडाच्या भुशानं आणि सरसानं बुजवून, घासून, पॉलिश मारून ठेवलेलं.

"आबा, हे काय केलं?"

"मग भोकं दाखवत बसायची व्हय? गिऱ्हाईक म्हणंल, सुतार झोपला हुता."

डॉक्टर पार्टिशन बघून भडकले. म्हणाले, जुनं सांगून नवं दिलंत, मला फसवलंत. कशीबशी समजूत काढली. आठ दिवसांनी फोटो काढायला गेलो, तर दवाखान्यात कंपाउंडर फ्रेमवर खिळे ठोकत होता आणि परत उपटत होता. पट्टी लावून, अंतर मोजून. सगळी भोकं एका रांगेत. हे मॅडमना कोणत्या तोंडानं दाखवू?

*

दुसरं बावड्याचं. खतं-औषधांचं दुकान, मालकाची केबिन. ह्या वेळी आबांवर मी स्वतः पहारा दिला. लाकूड असं देखणं उतरलं की आबासुद्धा "बरं दिसतंय" म्हणाले. आबांच्या तोंडून ते म्हणजे पद्मश्री. पुढच्या आठवड्यात जातो तर फ्रेमला चॉकलेटी ऑइलपेंट आणि कडेनं सोनेरी पट्टी!

"अहो, हे काय?"

"जुनं लाकूड दिसलं तर लोक म्हणत्यात, धंदा बसला वाटतं."

बरं, काच तरी? काचेवर कीटकनाशकांची स्टिकरं, वरपासून खालपर्यंत. अळी, मावा, तुडतुडे, सगळे मोठे करून छापलेले. मी म्हटलं, "शेठ, आतनं दुकान दिसावं म्हणून काच घेतली ना तुम्ही?"

"दिसतंय की," म्हणाले, आणि मावा आणि तुडतुड्यांच्या मधल्या दोन बोटांच्या फटीला डोळा लावून दाखवलं. "हितनं बघा."

मी बघितलं. काय करणार?

*

तिसरं बारामतीतच, स्वयंपाकघर आणि हॉलच्या मधे. सुनेनं हौसेनं करून घेतलं. सासूबाईंचं म्हणणं, पाहुण्यांनी बाहेर बसल्या बसल्या आमच्या कढईत काय शिजतंय ते बघायचं का? तेव्हा हॉलच्या बाजूनं पडदा. मग सुनेचं म्हणणं, फोडणीचे शिंतोडे उडून काच खराब होते. म्हणून आतल्या बाजूनं दुसरा पडदा.

मी विचारलं, "मावशी, फोटोपुरते तरी पडदे सारता का?"

"आता कुठं ह्या दोन्ही पडद्यांवर आमचं दोघींचं एकमत झालंय," मावशी म्हणाल्या. "तुमी मधी पडू नका."

माझ्या मोबाईलात त्या पार्टिशनचा फोटो आहे. पोपटाचं चित्र असलेला पडदा चांगला आलाय.

*

लाकूड कुठलं, हा प्रश्न तर वेगळाच ताप. एका बाईंना मी खरं सांगून बसलो, की ही तुळई वाटणीत पाडलेल्या घराची आहे. बाईंनी हात मागं घेतला. "नको बाई. भावाभावांची भांडणं ऐकलेलं लाकूड, आमची दोन्ही पोरं सध्या बरी हायत." बातमी पसरली. तेव्हापासून फोनवर आधी विचारणा, लाकूड चांगल्या घरचं आहे का? घरात सगळे मिळून-मिसळून होते का? एकदा फोन आबांनी घेतला. समोरच्याचं सगळं शांतपणे ऐकून म्हणाले, "घर चांगलं हाय, रंग गव्हाळ हाय. पत्रिका घिऊन या."

ते गिऱ्हाईकही गेलं.

*

आणि अशात मॅडमचा फोन. "गुरुवारी येते. कुठलं दाखवताय?"

उरलं होतं एकच, कऱ्हाटीचं. संदीप म्हणून डाळिंबवाला, नवीन बंगला बांधलेला. जुन्या घरातला खांब त्यानं स्वतः आणून दिला, त्याच्या दोन फळ्या करून आम्ही हॉलच्या मधोमध फ्रेम उभी केली आणि एकच मोठी काच बसवली. रंग नाही, स्टिकर नाही, पडदा नाही. संदीपला मी शपथ घातली होती. त्याचे वडील तात्या, सगळं काम होईपर्यंत खुर्चीत बसून बघत होते. एका शब्दानं बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

गुरुवारी मी आणि आबा तासभर आधी पोचलो. हॉलमध्ये पाऊल टाकलं. फ्रेम उभी होती. फ्रेमला खुंटी होती. खुंटीला तात्यांची टोपी होती. काच नव्हती.

"तात्या, काच?"

"आमच्या खांबाला खुंटी हुती. चाळीस वर्सं टोपी तितं अडकवली. तुमी काढली, मी परत ठोकली." तात्यांनी कोपऱ्यातल्या पोत्याकडं बोट केलं. "दोन ठोक्यात काच साखरंवानी सांडली. कच्चीच हुती जणू."

टफन काच, म्हणजे भट्टीत तापवून कडक केलेली; मधे कितीही मारा, पण कडेला दणका बसला की सगळीचा चुराच होतो! तात्यांच्या सुनेनं फ्रेमच्या खाचेतला चुरासुद्धा झाडून घेतलेला, कुणाचा हात कापायला नको म्हणून. मी आबांकडं बघितलं. मला मोबाईलचं शोरूम डोळ्यापुढं दिसत होतं, बोर्डासकट. तेवढ्यात बाहेर गाडी थांबली.

मॅडम दारात आल्या. चपला काढता काढता त्यांची नजर वर गेली आणि त्या तिथंच थांबल्या.

"रफिकभाई, हेच म्हणत होते मी. ती खुंटीसुद्धा ठेवलीत तुम्ही! आणि काच काय बसवलीय. आहे असं वाटतच नाही."

मी तोंड उघडलं. आबांनी माझ्या पायावर पाय दिला.

मॅडमनी दारातूनच चार फोटो काढले आणि लगेच कारखान्याला पाठवले. "लोणी देवकरला सगळीकडे हीच काच पाहिजे मला," म्हणाल्या. "अगदी हीच." आणि जवळून बघायला पुढं आल्या.

पलीकडं तात्या खुर्चीतून उठले. सुनेनं दिलेली कपबशी हातात घेतली, आणि फ्रेमच्या मधनं सरळ हात पुढं केला.

"घ्या ताई," म्हणाले, "च्या घ्या."