राणी महालात येताना वाजलेलं
खोबरेल तेलाचा वास आला की मला साठ सालच्या आसपासचा, दारव्ह्याचा तंबूतला सिनेमा आठवतो. आमचे हे लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिओनेट वाजवायचे आणि त्याच्या लाकडाला माझ्याच बाटलीतलं तेल चोळायचे. त्या हिवाळ्यात राजा-राणीचा सिनेमा लागला आणि हे सलग पाच दिवस तोच पाहायला गेले. “रोज रोज काहून जाऊन राह्यले?” मी विचारलं. “राणी महालात येते न, तेवढ्यासाठी,” हे हसून म्हणाले. माझा तिळपापड झाला. सहाव्या दिवशी मीही गेले, बायकांच्या बाजूला बसले आणि मधल्या दोरीवरून ह्यांच्यावर नजर ठेवली. पडद्यावर राणी आली, कितीतरी व्हायोलिनं एकदम उठली, आणि ह्यांनी डोळेच मिटले. क्लॅरिओनेटवर चालावीत तशी बोटं गुडघ्यावर चालत होती, गालांवरून पाणी ओघळत होतं. माझ्यासाठी हा माणूस कधी रडला नव्हता. राणीवर भाळले असते तर निदान तिच्या नाकाला नावं ठेवता आली असती. त्या सुरांना काय म्हणणार? आता हे नाहीत. क्लॅरिओनेटला तेल मीच लावते, खसाखसा, सवतीच्या डोक्याला लावावं तसं.