रुमाल टाकलेली जागा

परतूरहून जालन्याला जाणाऱ्या सकाळच्या गाडीत तो माझ्यासाठी खिडकीजवळ रुमाल टाकून ठेवायचा. नवाच वकील होता. व्यापाऱ्यांच्या दाव्यांत मोठ्या वकिलांच्या मागं फायली धरून बसतो, एवढंच सांगायचा. मी जालन्यात कापसाच्या जिनिंगवर मुकादम.

"चाचा, कॉलेजात कायदा शिकवला, धंद्याचं काहीच न्हाई," असं म्हणून तो कापसातून सरकी कशी निघते, उरलेल्या रुईची गाठ कशी बांधतात, सगळं विचारायचा. तो चुकीचं बोलला की मला राहवायचं नाही. मी लगेच दुरुस्त करायचो.

मग एका सूतगिरणीनं आमच्या शेठवर दावा लावला, की वजन वाढवायला गाठी ओल्या केल्या. मी शेठचा साक्षीदार. "पाण्याचा थेंबही न्हाई," असं छातीठोक सांगितलं, आणि गिरणीकडून उलटतपासणीला हाच उठला.

गाडीतल्याच गोड आवाजात म्हणाला, "चाचा, गाठ बांधून झाली की मंग वरून पाणी मारतात ना?"

"बांधल्यावर मारून काय फायदा?" मी म्हणालो. "आधीच मारावं लागतं, रुई पसरून. तवाच ते आत मुरतं."

शेठनं डोळे मिटले. काय बोलून गेलो ते मला तेव्हा कळलं. वकील पोरगा मात्र हसला नाही. हात जोडून म्हणाला, "बस, चाचा."

संध्याकाळच्या गाडीत खिडकीजवळ रुमाल होता. मी दाराशीच उभा राहिलो. गर्दी वाढत गेली, तरी परतूर येईपर्यंत त्यानं ती जागा कुणाला दिली नाही.