खळ्यातली लाल गाडी

पळसदरीच्या धरणाजवळ मुंबईच्या एका शेठचा बंगला होता. तिथे येसाजीने अठरा वर्षे माळीकाम केले. शेठची मोठी गाडी तो स्टेशनपर्यंत नेत-आणत असे, पण दुसरी एक लाल गाडी होती, विलायती, दोनच सीटांची, डोक्यावर छप्पर नसलेली. ती शेठ वाऱ्यासारखी पळवत. तिच्या स्टिअरिंगला दुसऱ्याचा हात लागलेला त्यांना खपत नसे. येसाजीने ती अठरा वर्षे फक्त पुसली.

बहात्तर साली खोपोलीचा घाट चढताना तिच्यातले पाणी आटले आणि इंजिनाला उभी चीर गेली. तसे इंजिन परदेशातून आणायचे म्हणजे सरकारी परवान्यापासून खटपट. पुढच्या वर्षी शेठने बंगलाच विकला आणि जाताना ती बंद गाडी आणि बाराशे रुपये येसाजीच्या पदरात टाकले. येसाजीने बैल जुंपून गाडी घरी ओढून आणली. दारात सपाट जागा एकच, ती भात झोडायच्या खळ्याची. गाडी तिथे उभी राहिली.

पावसाळाभर ताडपत्रीखाली कोंबड्यांनी तिच्या सीटवर अंडी घातली. बायको सोनाबाई ती रोज गोळा करायची. भाद्रपदात मात्र तिने सांगून टाकले.

"अवो, भात कापायच्या आत ही चालली तर ठेवा. नायतर भंगारवाल्याला बोलावते मी. भारे काय तिच्या डोक्यावर झोडू?"

तिचे चुकीचे नव्हते, म्हणूनच येसाजीला झोप लागेना. अठरा वर्षे पुसलेली गाडी एकदा तरी आपल्या हाताने चालवावी एवढेच त्याला हवे होते.

त्याने अंबाडीची दोरी घेतली, जुने इंजिन काढलेल्या जागेत पुढून मागच्या पत्र्यापर्यंत ताणली आणि गाठ मारली. शेताचा बांध तो असाच मोजत आला होता. दोरी कमरेला गुंडाळून सायकलवरून खोपोलीला निघाला. वाटेत सरीवर सरी आल्या. पोहोचेपर्यंत तो लंगोटीपर्यंत भिजला होता.

मोरू मिस्त्रीच्या आवारात तीन जुनी इंजिने होती. जीपचे सर्वांत स्वस्त, पण दणदणीत जड. बैलगाडीत पुढे ओझे झाले की जू मानेवर बसते, तसे व्हायचे, असे मोरूच म्हणाला. दुसरे अ‍ॅम्बॅसिडरचे, टॅक्सीतून काढलेले, आवाजाला गोड आणि येसाजीच्या ऐपतीतले. तिसरे एका लहान गाडीचे, झिजलेले. सपाटीला चालेल, घाटाचे नाव काढू नको, असे त्याबद्दल मोरूने आधीच सांगून ठेवले.

येसाजीचे मन दुसऱ्यावर बसले. मोरूने दोरीला टेप लावला, मग इंजिनाला लावला आणि मान हलवली. इंजिन तीन बोटे लांब भरत होते. पत्रा कापला तर पाय ठेवायला जागा उरत नव्हती. शेवटी येसाजीने लहान इंजिनासाठी शब्द दिला, सोमवारी पैसे आणतो म्हणाला. टॅक्सीचे इंजिन दुसऱ्या दिवशी दुपारी कर्जतचा एक खडीवाला दगड फोडायच्या यंत्रासाठी उचलणार होता, हेही त्याने ऐकले आणि सायकल घेतली.

घरी आल्यावर, लहान इंजिन बसवून किती जागा मोकळी राहील ते बघावे म्हणून त्याने तीच दोरी गाडीत धरली. गाठ पत्र्याला पोचेना. चार बोटे कमी. त्याने पुन्हा धरली. गाठ सरकली म्हणावी तर ती घट्ट होती. गाडी वाढली म्हणावी तर लोखंड ते.

गोठ्यात गाईचे दावे सैल करत असलेल्या सोनाबाईने विचारले, काय झाले. त्याने सांगितले. ती आली, दोरी हातात घेऊन पिळली. पाणी गळले.

"पावसात दावं आवळतं म्हणून गाईच्या मानेचं रोज बघता ना तुमी? मग ही दोरी काय येगळी हाय?"

येसाजीने दोरी खुंटीला टांगली. मग त्याने वळचणीतली सुकी कळकाची काठी काढली, गाडीत धरून मापाला कापली आणि उजाडता उजाडता सायकल काढली.

खडीवाल्याचा टेंपो अजून यायचा होता. मोरूने काठी इंजिनावर ठेवली. इंजिन बसून वर बोटभर काठी उरली. मोरूने पुन्हा ठेवली आणि पोट धरून हसला. येसाजीने दिल्या शब्दाचे काय, असे चाचरत विचारले.

"घे रं बाबा तुझा शब्द परत," मोरू म्हणाला. "ते झिजकं तुला द्यायला मी तरी कुठं खूश होतो? खडीवाल्याला जीपचं देतो, त्याला काय कुठं पळायचंय."

इंजिन टेंपोतून आले. ते धरून ठेवायच्या पट्ट्या साजगावच्या लोहाराकडून जोडून आणल्या. दोन रविवार मोरू खळ्यात तीन बांबूंच्या घोडीला साखळीने इंजिन टांगून राबला. घट बसायच्या आदल्या दिवशी इंजिन धडधडले. कोंबड्या ओरडत पळाल्या.

येसाजीने सोनाबाईला शेजारी बसवले आणि थेट घाट धरला. पाण्याच्या गरमीचा काटा कुठवर चढतो याकडे त्याचा एक डोळा होता. वळणामागून वळण गेले, काटा मधोमध राहिला. घाटाची राखण करणाऱ्या शिंग्रोबाच्या देवळाशी त्याने गाडी थांबवली. उतरून बॉनेटवर हात ठेवला. गरम होते, पण हात ठेवता येत होता. तो कठड्यावर बसला आणि कितीतरी दिवस कोंडलेला श्वास त्याने सोडला.

सोनाबाईने देवापुढे नाणे ठेवले, पदर सावरला आणि परत येऊन आपणहून सीटवर बसली.

"चला आता खाली," ती म्हणाली. "खळं सारवायचं हाय. तेलाचा डाग किती खोल गेलाय कुणास ठाऊक."