फुली वाचणारे काका

दिवे, ठिपके आणि फुल्या इतक्या बारकाईनं वाचणारा माणूस जगात दुसरा नसेल, असं मी आमच्या कासारवाडीच्या स्टुडिओतल्या काकांबद्दल पैजेवर सांगेन. चाकणच्या कारखान्यात यंत्रांवरचे लाल-पिवळे दिवे बघण्यात त्यांची वीस वर्षं गेली आणि पन्नाशीत ते कंपोझिटिंग, म्हणजे वेगवेगळी चित्रं जोडून एक दृश्य बनवायचं काम, शिकले. या कामात चित्रावरची एकेक क्रिया म्हणजे पडद्यावरचा एकेक चौकोन. त्याला नोड म्हणतात. चौकोन रेषांनी जोडत गेलं की शेवटी दृश्य तयार होतं. आम्ही दृश्य बघायचो, काका चौकोन बघायचे. नोड लाल झाला की काहीतरी चुकलंय, त्यावर फुली दिसली की तो कुणीतरी बंद करून ठेवलाय, हे आम्हालाही ठाऊक होतं. पण काका रोज सकाळी हजेरी घेतल्यासारखे सगळे नोड तपासून मगच चहाला हात लावायचे. माझ्या लग्नात तर कॉफीच्या यंत्राचा हिरवा दिवा लागेना म्हणून त्यांनी पाहुण्यांची रांग पार मांडवाबाहेर थोपवून धरली होती. "लाल झालेला बरा, त्यो बोंबलतो तरी," ते रहाटणीच्या ठसक्यात सांगायचे. "फुलीवाला गप पडून ऱ्हातो. त्याच्यापासनं जपून ऱ्हायाचं."

एका जाहिरातीत नट हवेत उडताना दाखवायचा होता. त्याला टांगलेल्या तारा पुसणारा नोड मी काम भरभर व्हावं म्हणून बंद केला होता. दृश्य पाठवायच्या आधी काका मागे येऊन उभे राहिले.

"त्या फुलीचं काय?"

"माहितीये, काका. करतो चालू," मी जरा तुसडेपणानंच म्हणालो. त्यांनी विश्वास ठेवला आणि मी विसरलो. माझ्या पडद्यावर न दिसलेल्या तारा ग्राहकाच्या मोठ्या पडद्यावर स्वच्छ दिसल्या.

मालकांनी सगळ्यांना बोलावून विचारलं. "शेवटची नजर माझी हुती, साहेब," काका म्हणाले. मी त्यांच्या शेजारीच उभा होतो. नोकरी नवी, संसार नवा. तोंड उघडलं नाही. त्या महिन्याअखेर काकांना घरी बसवलं.

कबूल करायचं म्हणून वर्षभरानं मी रहाटणीला त्यांच्या घरी गेलो. काकांनी माझ्या मुलीचं नाव विचारलं, तिचा फोटो चष्मा लावून निरखून पाहिला. दोन तास बसलो. बोलायचं ते प्रत्येक वेळी ओठापर्यंत आलं आणि दुसराच विषय निघाला. मी गाडी सुरू केली तेव्हा ते फाटकापर्यंत आले.

"जेवून जायाचं हुतं रं," एवढंच म्हणाले.