रॅपवाल्यांची प्रतवारी

माझ्या बायकोच्या मामांनी आयुष्यात कशावरही एका फटक्यात विश्वास ठेवलेला नाही. सूर्य उगवला हेसुद्धा ते खिडकीतून पाहून मान्य करत नसत. अंगणात येऊन, कपाळावर आडवा हात धरून खात्री करत. हातच्या काकणाला आरसा कशाला, असं आपण म्हणतो. मामाजी आधी आरसा मागत आणि मग तो कुणाकडून आणला ते विचारत. डॉक्टरने ताप नाही म्हटलं की ते दुसरा थर्मामीटर लावायला लावत. टरबूज तर इतक्या वेळा वाजवून पाहत की टरबूजवाला शेवटी हात जोडून म्हणे, "घेऊन जा जी तसंच, पण याले आता सोडा." आमच्या लग्नाच्या वेळी मुलगी पाहायला मी गेलो होतो, पण अंगणात दोनदा चालून दाखवावं लागलं ते मलाच. "पाय सारखे हायत," असं त्यांनी ओरडून आत कळवलं, तेव्हा कुठे पोहे बाहेर आले.

यात त्यांच्यापेक्षा त्यांच्या नोकरीचा दोष जास्त. तीस वर्षं ते कापूस खरेदी केंद्रांवर ग्रेडर होते. आलेल्या कापसाची प्रत ठरवायची, हे काम. गाडीवर वर रचलेल्या पांढऱ्याशुभ्र कापसाकडे ते ढुंकूनही पाहत नसत. खांद्यापर्यंत हात खुपसून तळातली मूठ बाहेर काढायची, धागा दोन अंगठ्यांत ताणायचा, सरकी दाताखाली धरायची, आणि मग तोंड उघडायचं ते बहुधा "नाही" म्हणायला. निवृत्त होऊन कळंबला घरी बसले तरी हात खुपसायची सवय गेली नाही. लग्नाच्या पंगतीत ते भातसुद्धा तळातून घेत.

आता मी त्यांच्या तावडीत कसा सापडलो ते सांगतो. दारव्ह्याला माझं कॅसेटचं दुकान होतं. कापसाला भाव नव्हता, ती वर्षं. कापसाला भाव नसला की आमच्याकडे गाणीही विकली जात नाहीत, आणि त्यातच सीडी आल्या. मी शटर ओढलं. माल आवरताना एका खोक्यात सतरा व्हिडिओ कॅसेट निघाल्या. यवतमाळला कॉलेजात असताना केबलवरून टेप केलेली अमेरिकेतल्या जुन्या रॅपवाल्यांची गाणी. एकेकाळी मला ती तोंडपाठ होती. मधल्या बारा वर्षांत मी त्यांना साफ विसरलो होतो. मग घरी मागच्या खोलीत पडदा ओढून मी दिवसभर तीच पाहत बसलो. आठवडा गेला, महिना गेला. मी कुणाशी बोलेना. त्या वर्षांत आमच्या जिल्ह्यात घरातला पुरुष चार दिवस गप्प राहिला की बायका आधी फवारणीचा डबा लपवत. आम्हाला शेत नाही, फवारणी नाही, तरी माझ्या बायकोने घरातला दोर शेजारी नेऊन ठेवला. ती शाळेत शिक्षिका. मला एकट्याला सोडून जाताना तिचा जीव थाऱ्यावर नसे. शेवटी तिने मामांना बोलावून घेतलं.

मामाजी एक पिशवी घेऊन आले. "दोन-चार दिवस राहतो, इकडं जरा काम हाय," म्हणाले. काम कोणतं ते मला कळत होतं, आणि मला कळतं हे त्यांना कळत होतं. आल्याआल्या त्यांनी मोरीतल्या, फडताळातल्या सगळ्या बाटल्यांची बुचं काढून वास घेतला. व्हिडिओचं हेड पुसायच्या औषधाची बाटली सरळ स्वतःच्या पिशवीत टाकली. मग माझ्या शेजारी खुर्ची ओढली, चष्मा पुसला आणि टीव्हीकडे बोट करून विचारलं, "हे कोण लोकं हायत? आन् तुमाले यायनं काय करून ठेवलं?"

त्यांचा पहिला संशय असा होता की या गाण्यांनीच मला धरलंय. म्हणून त्यांनी गाण्यांची प्रतवारी सुरू केली. दर दोन मिनिटांनी "थांबवा" म्हणत, उठून टीव्हीला नाक लावत. एका पैलवानासारख्या गायकाच्या गळ्यात हाताएवढी साखळी होती. "सोनं नाही. सोन्याले वजन असते, ते असं उड्या मारत नाही." दुसरा लांबलचक लाल गाडीच्या टपावर बसून गात होता. "गाडी भाड्याची हाय, बापू. मालक मांगं उभा हाय, पाहा. घासे पडतीन म्हणून कसा पाहून राह्यला." मी पाहिलं. खरंच मागे एक टकला माणूस गाण्याकडे न बघता गाडीकडे बघत उभा होता. शेकडो वेळा ते गाणं पाहूनही मला तो दिसला नव्हता. डोक्यावर गरगर फिरणारी पोरं पाहून ते म्हणाले, "टोपीत चुंबळ असंन." गाणाऱ्याकडे ते पाहतच नसत. "वरचा कापूस कोणीबी चांगलाच ठेवते," म्हणत, आणि मागच्या जिन्यावर बसलेली म्हातारी, खिडकीत वाळणारं धुणं, कोपऱ्यातलं कुत्रं यांची चौकशी करत.

त्यांना इंग्रजी येत नव्हतं, म्हणून अर्थ सांगायचं काम माझ्याकडे आलं. "हा म्हणून राह्यला, आमच्या गल्लीतला कारखाना बंद पडला. बाप दिवसभर दारात बसते," मी सांगे. ते मान हलवत. चार दिवसांनी तेच गाणं परत लावायला सांगत आणि पुन्हा अर्थ विचारत. पहिल्या आणि दुसऱ्या अर्थात एक शब्द इकडचा तिकडे झाला की माझी उलटतपासणी. "त्या दिशी तुमी बाप दारात बसते म्हनलं. आज म्हनता पायरीवर. नक्की कुठं बसते?" मग मी वैतागून कॅसेट मागेपुढे करून शब्द नीट ऐके, कॉलेजातला शब्दकोश शोधून काढे. बायको म्हणाली, दोन महिन्यांत मी जेवढं बोललो नव्हतो तेवढं त्या आठवड्यात बोललो. ती रोज शाळेतून आली की दारातच मामांच्या तोंडाकडे पाही. मामाजी किंचित मान हलवून "अजून नाही" म्हणत.

एकच गायक त्यांनी बिनतक्रार पास केला. साधा सदरा, गळ्यात काही नाही, कुलूप लागलेल्या फाटकासमोर उभा राहून तो नुसता ओरडत होता. "याचा राग अस्सल हाय. मिलावट नाही," ते म्हणाले.

चौथ्या आठवड्यात त्यांनी माझ्या सर्वांत आवडत्या गायकावर हात टाकला. याचा फोटो मी कॉलेजात वहीच्या पुठ्ठ्यावर चिकटवला होता. मामाजी टीव्हीजवळ गेले, बराच वेळ त्याच्या गळ्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "हे दुसऱ्याचं गाणं हाय. ओठ हालून राह्यले, पण नरडं हालत नाही. चोर हाय हा."

माझं डोकं सटकलं. "मामाजी, तुमाले कापसातलं समजते, यातलं घंटा समजत नाही! या मानसानं एक शब्द दुसऱ्याचा घेतला नाही. उठा तुमी इथून, मले पाहू द्या!" शेजारच्या घरातले लोक बाहेर आले इतका मी ओरडलो.   मामाजींनी चष्मा खिशात ठेवला, पिशवी भरली आणि चपला घालून ते निघाले.

वडीलधाऱ्या माणसाचा अपमान झाला म्हणून मी अनवाणीच जीपस्टँडवर धावलो. सगळ्या चाकांना एकेक लाथ मारून ते यवतमाळच्या जीपमध्ये पुढे बसले होते. मी माफी मागायला लागलो तर त्यांनी माझा हात धरला.

"राग नाही आला बा मले. ओल्या कापसाची सरकी दाताखाली वाजत नाही, बापू. वाळली का वाजते. तीन हप्ते मी तुमाले चावून पाहून राह्यलो. आज वाजली. पोरीले सांगा, मामा घरी गेला." मग खिडकीतून डोकं काढून म्हणाले, "पण त्याचं नरडं हालत नाही, हे खरं हाय."

मी भर बाजारात रडलो. दोन महिन्यांनी शटर वर केलं, मोबाईल दुरुस्तीचं काम सुरू केलं. ते आजही चालू आहे.

मागच्या वर्षी मामी गेल्या. मध्यंतरी मी कळंबला गेलो तेव्हा मामाजी ओसरीवर बसले होते. भाजीवाली दारात आली, तिने तोलून दिली ती वांगी त्यांनी न पाहता घेतली. तळात हात घातला नाही. ती जुनी गाणी आता फोनवर मिळतात. मी शेजारी बसून एकामागून एक लावली. ते शांतपणे पाहत होते, थांबवा म्हणत नव्हते. शेवटी मीच म्हणालो, "मामाजी, हे सगळं खोटं हाय बरं. कपडे, घर, सगळं भाड्याचं."

त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि डोळ्यांजवळ धरला.

"राहू द्या, बापू," ते म्हणाले. "चांगले दिसून राह्यले लेकरं."