मल्हारीमामाचा करदोडा

मल्हारीमामा मेंढरापेक्षा हट्टी आहे, असं मी त्याच्या तोंडावर म्हणायचो. त्याला ते कौतुकच वाटायचं. मुकुंदवाडीच्या रुळांपलीकडं मोकळी रानं होती तोवर त्यानं मेंढरं चारली. मी वाळूजच्या कंपनीत लागलो, तरी मला तो बिनकामाचाच समजत राहिला.

त्याच्या कमरेला काळा करदोडा असे. बाजारातला नव्हे, मेंढराच्या लोकरीचा, स्वतः कातलेला, बोटाएवढा जाड आणि खरखरीत. त्याला चाकू नि तंबाखूची चंची अडकवलेली, वरून धोतराचा पीळ. दर पोळ्याला नवा बांधायचा आणि मगच जुना काढायचा. बाप्याची कंबर क्षणभरही मोकळी राहू नये, कारण करदोडा तोडतात तो मढ्याचा, सरणावर नेण्याआधी.

त्याखालची कातडी केव्हाच काळी पडली होती. मग पांढरे चट्टे आले, खाज आली. उजव्या कुशीवर चीर पडली, ती काही भरेना. मामा हळद-तेल लावून त्यावरच करदोडा आवळायचा. दुखणं हत्तीच्या पावलानं येतं म्हणतात. हे मुंगीच्या पावलानं आलं. दोन वर्षांनी जखमेच्या कडा टणक झाल्या, वास सुटला, तेव्हा मी त्याला ओढतच दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वर्षानुवर्षं घासून बिघडलेल्या कातडीचा कॅन्सर होऊ शकतो. तुकडा काढून तपासायला हवा, पण आधी हा दोरा कापू. अजून वेळ गेलेली नाही. कापायचं नाव काढताच मामा टेबलावरून उतरला आणि थेट रस्त्याला लागला.

मी भांडलो, म्हाळसामामी रडली. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी मामीनं लोकर कातरायची कातर माझ्या हातात दिली आणि म्हणाली, दुपारी निजला की तूच काप. मी बाजेपाशी वाकलो. पातं दोऱ्याला लागलं आणि मामानं डोळे उघडले. तो ओरडला नाही.

"आजून जित्ता हाय मी, भाच्या."

मी कातर खाली ठेवली. आपण त्याचा मान राखला, असं मी मनाला सांगितलं. खरं म्हणजे मी भ्यालो होतो.

पोळ्याला त्यानं जखमेवरच नवा करदोडा बांधला. दिवाळीत जांघेत लिंबाएवढी गाठ आली. आता फार उशीर झाला, असं डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं. होळीच्या आधीच मामा गेला.

त्याला मूलबाळ नव्हतं. अंगणात आंघोळ घातल्यावर जाणत्यांनी मला करदोडा तोडायला सांगितलं. मामीनं आतून तीच कातर आणून दिली. एका दाबात तुटला. माझा हात जरासुद्धा थरथरला नाही, आणि त्याचीच मला अजून लाज वाटते.

मामी तुटलेल्या दोऱ्याकडं बघत होती.

"येवढंच तर काम व्हतं," ती म्हणाली.