नळीतल्या जिवांची तीन दिवसांची सुट्टी

अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या एका छोट्या प्रयोगशाळेत मी बॅक्टेरियांना साखर कारखान्यातली मळी खाऊ घालायचे. कात्रपच्या आमच्या बिल्डिंगमध्ये एवढं सांगितलं की लोक विषय बदलायचे. तेलाची विहीर उपसून झाली तरी खालच्या खडकाला बरंच तेल चिकटून राहतं. तिथे हे बॅक्टेरिया सोडले की ते वायू आणि साबणासारखं काहीतरी तयार करतात आणि तेल सुटतं. निदान सुटायला हवं. आमची विहीर म्हणजे तेलाने माखलेली वाळू ठासून ओव्हनच्या उबेत ठेवलेली हातभर लांब स्टीलची नळी.

तीन नळ्या फुकट गेल्या होत्या. उल्हासनगरहून येणारे आमचे सेठ शांतपणे म्हणाले, "चौथीतून तेल नाही निघालं तर हे काम बंद, मॅडम."

दोन वर्षं मी यात घातली होती. मला रडू येत होतं, आणि रडू आलं की मी चिडते. बॅक्टेरिया सोडल्यावर ते वाढावेत म्हणून काही दिवस नळी बंद ठेवायची असते, हे मला पाठ होतं. पण धीर म्हणून नाही. दुसऱ्याच दिवशी मी पंपाने पाणी ढकलायला लागायचे.

चौथ्या वेळी तो दुसरा दिवस नेमका खंडेनवमीचा. सकाळी पंप चालू करून मी घरी गेले. दसरा, रविवार उरकून सोमवारी आले तर पंप बंद, नळीचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद, वर हळदकुंकू आणि झेंडू. आमचे मांजर्लीचे ऑपरेटर मामा दरवर्षी पूजेला यंत्रं थांबवायचे, तशी त्यांनी थांबवली होती. मी सगळ्यांदेखत त्यांना नको नको ते बोलले. ओव्हन मात्र चालू होता.

"मशीनला सुट्टी दिली," मामा म्हणाले. "आतली तर जिवंत हायेत ना. त्यांची ऊब कशाला काढू?"

मी रागारागाने व्हॉल्व्ह उघडला. फुस्स करून वायू सुटला. पंप लावला, आणि तासाभरात काचेच्या नळकांड्यात पाण्यावर काळा थर दिसायला लागला. तो जाड होत गेला.

"कसं जमवलंत?" सेठनी विचारलं.

श्रेय घ्यायचा मोह झाला, खोटं कशाला बोलू. पण मामा माझ्याकडे बघतही नव्हते.

"तीन वेळा मी घाईने बिघडवलं," मी म्हणाले. "या वेळी यांनी बिघडवू दिलं नाही." आणि सगळ्यांदेखतच मामांची माफी मागितली.

सेठनी नळकांडं उजेडात धरलं. "पाचवी कधी लावताय?"

"आजच," मी म्हणाले. "पण पंपाच्या पॅनेलची चावी मामांकडे राहील."